सूर्यवेसची पहिली निवड

सूर्यवेस तालमीच्या फुटबॉल संघाचं पहिलं नाव पुकारलं गेलं, तेव्हा सभागृहात सगळ्यांनी हातातल्या यादीत ते शोधलं. मग मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते हसू खुर्च्यांवरून सरकत पुढच्या टेबलांपर्यंत आलं.

"ओवी उदय सरनोबत," निवेदिकेनं पुन्हा सांगितलं. पहिल्यांदा आपणच चुकीचं वाचलं की काय, असा तिचा सूर होता. "मधली फळी. सूर्यवेस."

वृंदा सरनोबत सूर्यवेसच्याच टेबलाशी बसली होती. ती संघाची विश्लेषक, आणि ओवी तिची धाकटी मुलगी. तिनं पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला.

"आई विश्लेषक असली की काय बघायचं!" शेजारच्या टेबलावरून कुणीतरी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालं. "आमच्या आईला नाही बाबा जमलं."

वृंदाच्या बाजूला बसलेल्या प्रशिक्षक फिरदोस अत्तार समोर बघत हळूच म्हणाल्या, "हसू देत त्यांना. पण वृंदाताई, पोरीला काय सांगणार तुम्ही?"

"सांगीन सावकाश," वृंदा म्हणाली.

कोल्हापुरात महिलांची लीग सुरू झाली त्याला आता बारा वर्षं होत आली होती. पहिली काही वर्षं बड्या पेठांनी चांगल्या पोरी उचलून नेल्या आणि बाकीचे संघ नुसते मार खायला मैदानात उतरले. म्हणून मग नियम झाला, की अठरा पूर्ण झालेल्या सगळ्या खेळाडूंची नावं एकत्र करायची आणि संघांनी पाळीपाळीनं एकेक निवडायची. जो संघ तळाला, त्याला पहिली पाळी. नियमात त्याला ड्राफ्ट म्हणत, पेठेत सगळे 'वाटणी' म्हणत. भावाभावांत जमिनीची होते तशी ही पोरींची. आणि वाटणी झाली की दुसऱ्या दिवसापासून चहाच्या गाड्यांवर एकच विषय असे: कुणाचा संघ सुधारला, कुणाचा बुडाला.

सूर्यवेस दोन वर्षं तळाला होती. तिसऱ्या वर्षीही तिथंच राहिली, तर नियमानं संघ बरखास्त होणार होता. अशा संघानं पहिली पाळी मिळूनही जिचं नाव कुणाच्याच पहिल्या वीसांत नव्हतं अशी पोरगी घेतली होती. हसणाऱ्यांचं तसं काही चुकत नव्हतं.

त्यांना फक्त एक गोष्ट ठाऊक नव्हती. ती वृंदाला दीड महिन्यापूर्वी एका दुपारी कळली होती, आणि तेव्हापासून तिला नीट जेवण गेलं नव्हतं.

संघ मोजायचं यंत्र आता सगळ्यांकडंच होतं. त्याचं मूळ नाव लांबलचक होतं. इकडं सगळे त्याला 'सांगड' म्हणत. त्यामागचं शास्त्र तसं साधं. माणूस हात उचलतो, त्याच्या अगदी थोडं आधी त्याच्या पायाचे स्नायू आवळतात. तोल जाऊ नये म्हणून शरीर आधीच तयारी करतं, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पण समोरच्याच्या मेंदूला ती तयारी दिसते. म्हणजे डोळ्यांना दिसते, मनाला कळत नाही, आणि त्याचं शरीर उत्तर देऊन मोकळं होतं. जुन्या जोडप्यातला एक जण खुर्चीतून उठायच्या आत दुसरा बाजूला सरकतो, ते यामुळंच. आता मैदानाभोवतीचे कॅमेरे आणि मोज्यांत विणलेले सेन्सर मिळून हे मोजू शकत होते, की एक खेळाडू दुसरीला किती लवकर वाचते. शंभरपैकी आकडा यायचा. अनोळखी पोरींत वीस-पंचवीस. वर्ष-दोन वर्षं एकत्र खेळलेल्यांत चाळीसच्या आसपास. साठच्या वर गेलेली जोडी सापडली की संघ पेढे वाटायचे.

अकरा जणींच्या संघात पंचावन्न जोड्या होतात. त्या पंचावन्न आकड्यांची गोळाबेरीज म्हणजे संघ, असं सगळे मानायचे. वाटणीत कुणी कुणाला घेतलं, त्यानं संघ किती सुधारला, हे त्यावरच ठरायचं.

त्या दुपारी वृंदा यंत्राची चाचणी घ्यायला घरातलं काही चित्रीकरण घालून बघत होती. घरामागच्या मोकळ्या जागेत तिच्या दोन्ही मुली सेन्सरचे मोजे घालून खेळत होत्या. थोरली राजसी, एकवीस वर्षांची, तेलीबाग संघाची आघाडीची खेळाडू. दोन वर्षांपूर्वीच्या वाटणीत तेलीबागेनं तिला नेलं आणि दोन्ही वर्षं करंडक जिंकला. तिला अडवणारी पोरगी लीगमध्ये नव्हती. आणि ओवी, अठरा पुरी, कष्टाळू, पण पायात ती जादू नाही. चित्रीकरणात ओवी राजसीकडून चेंडू काढून घ्यायचा प्रयत्न करत होती.

आकडा आला ब्याण्णव.

ब्याण्णव वृंदानं कधी बघितला नव्हता. तिनं पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं, की या दोघी इथं एका संघात नाहीत. एक दुसरीला अडवतेय. आणि तरी आकडा तोच. सांगडीला जर्सीचा रंग कळत नाही. जी तुम्हाला वाचते ती सोबतीला असली तर तुमचं बळ, आणि समोर असली तर तुमचा घात. पंचावन्न जोड्या मोजता मोजता सगळे विसरले होते, की मैदानात समोरही अकरा जणी असतात. आपल्या अकरा आणि त्यांच्या अकरा म्हणजे आणखी एकशे एकवीस जोड्या, आणि त्या कुणी मोजतच नव्हतं.

तिनं हिशोब मांडला. गेल्या वर्षी सूर्यवेस चार गुणांनी तळाला राहिली होती. तेलीबागेशी दोन सामने, जिंकले तर सहा गुण. तेलीबाग म्हणजे राजसी. राजसीला थोपवलं की तेलीबाग अर्धी. हा आकडा आणखी कुणाला सापडला तर ओवी हातची जाणार, म्हणून ती पहिल्याच पाळीला घ्यायला हवी.

एरवी ओवीला कुठल्याच संघानं घेतलं नसतं, हेही वृंदाला ठाऊक होतं. वाटणीत नाव आलं नाही की खेळ संपला. मग शाळेत खेळाची बाई व्हायचं नाहीतर लग्नाला उभं राहायचं. पोरगी पाचव्या वर्षापासून ताईमागं धावत होती. आईच्या मनात दोन्ही गोष्टी एकदमच आल्या. त्यातली आधी कुठली, हे तिला पुढं कधीही सांगता आलं नाही.

वाटणीच्या दिवशी घरी परतली, तर ओवी फाटकाशीच उभी होती. तिनं आईला मिठी मारली ती सोडेचना.

"आई, खरं सांग. वशिला नाही ना?"

"नाही. अध्यक्षांनी आकडे स्वतः बघितले. फिरदोस मॅडमनी बघितले."

"मग माझं काय चांगलं आलं आकड्यात?"

वृंदानं चपला काढायला वेळ लावला. "तुझा अंदाज. पुढचं तुला आधी कळतं."

यात खोटं काही नव्हतं. ओवीचा चेहरा असा उजळला, की वृंदाला तिथं उभं राहवेना. ती स्वयंपाकघरात गेली.

राजसी तिथं ओट्याला टेकून उभी होती. "पहिली निवड," ती म्हणाली. "मला तिसऱ्या पाळीला घेतलं होतं, आठवतंय?"

"आठवतंय की."

"मला आनंदच आहे तिचा. पण आई, ती पहिली नाहीये. तुलाही माहीतेय, मलाही." राजसीनं आईकडं नीट पाहिलं. "लोक तिला हसतील आणि ती झुरेल. तेवढं बघ म्हणजे झालं."

उदय सरनोबत शिरोलीच्या एका फाउंड्रीत साचे करायचे. संध्याकाळी ते मटण घेऊन आले आणि जेवताना दोन्ही मुलींच्या मधे बसून म्हणाले, "आता घरातच दोन संघ. मी कुठल्या बाजूला बसायचं ते सांगा. नाहीतर मी आपला मधल्या रेषेवर पाट मांडून बसतो."

सगळे हसले. वृंदाही हसली.

सरावाला सुरुवात झाली आणि ओवीला काहीतरी खटकू लागलं. बाकीच्यांना फिरदोस मॅडम पास, कॉर्नर, बचाव असं सगळं घोटून घ्यायच्या. ओवीला एकच काम. एक पोरगी आघाडीवर धावायची आणि ओवीनं तिच्या सावलीसारखं राहायचं. सोबतच्या पोरी पाठीमागं कुजबुजत. लीगमधले सगळे जाणकार वाटणीचा निकाल सांगत होते, आणि प्रत्येकाच्या निकालात सूर्यवेस शेवटची.

"मॅडम, मला पास शिकवा की," ती एकदा म्हणाली.

फिरदोस मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "शिकवते. आधी तेलीबागेचा सामना होऊ दे."

तेलीबागेचा सामना तिसऱ्याच आठवड्यात आला. स्टेडियम निम्मं भरलं होतं, त्यातलं बरंचसं मजा बघायला आलेलं. ओवीला एकच सांगणं होतं: तुझी ताई जाईल तिथं तू.

पहिल्या दहा मिनिटांत राजसी तीनदा चेंडू घेऊन निघाली आणि तिन्ही वेळा ओवीचा पाय तिथं आधीच होता. प्रेक्षकांना वाटलं, नशीब. मध्यंतरापर्यंत स्टेडियम गप्प झालं होतं. राजसी डावीकडं वळायचं मनात आणायची आणि ओवी डावीकडं उभी. राजसी थांबायची, ओवी थांबलेली. त्यात ओवीला कष्ट पडत नव्हते, विचारही करावा लागत नव्हता. जन्मभर जिच्या मागं धावली तिच्या मागं ती आजही धावत होती, एवढंच. पण राजसीच्या चेहऱ्यावर वृंदाला काहीतरी नवीन दिसलं. अंधारात आपल्यामागून कुणीतरी चालतंय असं वाटणाऱ्या माणसाचा असतो तसा चेहरा.

सूर्यवेसनं एक गोल केला आणि सामना एक-शून्यनं जिंकला. पोरींनी ओवीला उचलून घेतलं. वर हवेत असताना ती ताईला शोधत होती. ताई कधीच आत निघून गेली होती.

दोन दिवसांत सगळं उलटलं. ज्यांनी सूर्यवेसला शेवटचं ठरवलं होतं तेच आता सांगत होते, की गेल्या पाच वर्षांतली सगळ्यांत चलाख निवड ही. कुणीतरी डोकं चालवलं, सामन्याचं चित्रीकरण सांगडीत घातलं आणि ब्याण्णवचा आकडा उजेडात आणला. 'बहिणीची नस बहिणीच्या हाती' असा मथळा झाला. इतर संघांचे फोन वृंदाला येऊ लागले. आमच्या आघाडीच्या पोरीबरोबर शाळेत कोण खेळायचं? तिची खोलीतली सोबतीण कोण होती? तिची एखादी मामेबहीण, एखादी चुलतबहीण?

आणि मग वृंदाला न विचारताही ते सगळीकडं सुरू झालं. एका संघानं आपल्या पोरींना बाहेरच्या मैत्रिणींबरोबर सराव करायला बंदी केली. वसतिगृहात वर्षानुवर्षं एकत्र राहणाऱ्या दोघींनी खोल्या बदलल्या. पुढच्या वर्षी वाटणीत येणाऱ्या जुळ्या बहिणींच्या वडिलांनी एकीला आजोळी पाठवून दिलं. आपल्याला कोण कोण ओळखतं, याचीच पोरींना धास्ती पडू लागली.

वृंदाच्या घरात ती धास्ती तर जेवायच्या ताटापर्यंत आली.

राजसी चालताना सावध चालू लागली. ओवी खोलीत आली की ती बसलेली असली तर उठायची नाही, उभी असली तर बसायची नाही. तेलीबागेनं तिच्यासाठी खास प्रशिक्षक आणला होता, तिच्या शरीराच्या सवयी मोडायला. कुठला पाय आधी, खांदा कुठं झुकतो, वळण्याआधी श्वास कसा घेते, सगळं उपसून काढायचं आणि नव्यानं भरायचं. ती घरात पाण्याचा तांब्या उचलायची तोसुद्धा आधी थांबून, ठरवून.

"ताई, अशी काय करतीस गं?" ओवीनं एकदा विचारलं.

"तुला माहीत नाही होय?" राजसी म्हणाली. "एवढं सगळं वाचतीस, हे नाही वाचता आलं?"

आठवड्याभरात तिनं तेलीबागेजवळ खोली घेतली. उदयनी तिची पेटी रिक्षात ठेवली आणि परत येऊन ते दारातच उभे राहिले. "साचा एकदा मोडला ना," ते वृंदाला म्हणाले, "की त्याच मापाचा दुसरा होतो, पण तोच होत नाही. मी तीस वर्षं हेच काम करतोय. तुला सांगायला नको."

"मी संघासाठी केलं."

"मी कुठं म्हणतोय, की तू घरासाठी केलंस?" ते म्हणाले आणि आत गेले.

बाकीच्या संघांविरुद्ध ओवी बाहेरच्या बाकावर बसू लागली. एकदा शेवटची काही मिनिटं खेळली, एकदा तीही नाही. एका दुपारी ती वृंदाच्या कामाच्या खोलीत आली आणि पडद्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"माझा हिशोब काढ," ती म्हणाली. "सांगडीत. मला घेऊन संघ किती सुधारला ते बघू दे."

"कशाला आता?"

"काढ की, आई."

वृंदानं काढला. पडद्यावर ओवीच्या सोबतच्या दहा जणींशी दहा आकडे आले. तेवीस, एकतीस, अठ्ठावीस. साधे आकडे. तिच्यामुळं संघाची गोळाबेरीज वाढण्याऐवजी जराशी कमीच झाली होती.

"आता तेलीबाग घाल समोर."

तेलीबाग घातली. एक आकडा सोडून काही बदललं नाही.

ओवीनं त्या एका आकड्यावर बोट ठेवलं. तिला रडू येईल असं वृंदाला वाटलं होतं, पण ती रडली नाही.

"ताई तेलीबागेत नसती, तर मला कुणी घेतलंच नसतं. असंच ना?"

"हो," वृंदा म्हणाली. खोटं बोलायची आता सोयच नव्हती.

"तू मला म्हणालीस, तुझा अंदाज चांगला आहे."

"तो आहे. तिच्या बाबतीत आहे."

"ते अंदाज नव्हे गं, आई." ओवीचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "ती माझी ताई आहे. तिला कधी ठेच लागणार ते मला कळतं, म्हणून मी लहानपणी हात धरायची तिचा. तू ते काढून घेतलंस आणि पहिल्या पाळीला लावलंस." ती उठली. "मला आधी सांगितलं असतंस, तर कदाचित मी खेळलेही असते. काय सांगावं. सूर्यवेस बुडू नये असं मलाही वाटतं. पण माझं मी ठरवलं असतं. आता ताईला वाटतंय, मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

"मी सांगते तिला."

"नको. आता दुसरा सामना होऊ दे," ओवी म्हणाली, हुबेहूब फिरदोस मॅडमच्या सुरात. "सगळे हेच म्हणतात ना, सामना होऊ दे."

दुसरा सामना लीगचा शेवटचा होता. सूर्यवेसला तळातून वर यायला एक गुण पुरेसा होता. स्टेडियम काठोकाठ भरलं. लोक फुटबॉल बघायला नव्हे, दोघी बहिणींना बघायला आले होते.

राजसी मैदानात उतरली ती वृंदाला ओळखू आली नाही. चेहरा तोच होता, उंची तीच, जर्सीवरचा आकडा तोच. पण चाल कुणा दुसरीचीच. पहिला चेंडू मिळताच ती ओवीच्या उजव्या बाजूनं निघून गेली आणि ओवी डावीकडं उभी राहिली. गोल. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. यावेळी ओवी जागीच खिळली होती, कुठं जावं हेच न कळल्यासारखी. दोन-शून्य.

स्टेडियम नाचत होतं. पण वृंदा चेंडू सोडून तेलीबागेच्या बाकी पोरींकडं बघत होती, कारण तिच्या कामाची सवयच ती. राजसी मोकळी व्हायची तेव्हा पास तिच्या मागं जायचा. ती पास द्यायची तो कुणाच्याच पायात पडायचा नाही. दोन वर्षं तिच्याशी खेळलेल्या पोरी आता एकमेकींवर ओरडत होत्या. बहिणीपासून लपायला म्हणून राजसीनं शरीराला जे कुलूप घातलं होतं, ते बहिणीपुरतं कसं राहील? एकीपासून लपलेला माणूस सगळ्यांपासून लपतो. वृंदानं मनात दुसरे आकडेही मांडून पाहिले. राजसीच्या संघातल्या दहाच्या दहा जोड्या कोसळल्या असणार.

आणि कोसळल्याच होत्या. तेलीबागेच्या दोन चुकलेल्या पासांवर सूर्यवेसनं दोन गोल फेडले. शिट्टी वाजली तेव्हा दोन-दोन झालं होतं. सूर्यवेस वाचली. तेलीबागेचा करंडक गेला.

सूर्यवेसच्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडून रडत-हसत होत्या. ओवी मात्र मैदानाच्या मधोमध बसून राहिली. वृंदा खाली उतरून तिच्यापाशी गेली.

"वाचलो आपण," वृंदा म्हणाली.

ओवीनं वर पाहिलं. "आई, मला ताई कळलीच नाही," ती म्हणाली. "अगदी परक्या माणसासारखी गेली माझ्या बाजूनं."

चार दिवसांनी अध्यक्ष जयसिंग अण्णांनी वृंदाला बोलावलं. अण्णा मनानं वाईट नव्हते. तालमीसाठी त्यांनी आयुष्य घातलं होतं. त्यांनी तिच्यापुढं भडंगाची ताटली सरकवली.

"बाई, तुम्ही तालीम वाचवली. आता पुढचं बघू. सामन्याचे आकडे आले, दोघी बहिणींचा ब्याण्णवचा सव्वीस झालाय. म्हणजे ओवीचा उपयोग संपला असं धरायचं ना? वाईट वाटून घेऊ नका, पोरगी आपली आहे. पण तिची जागा मोकळी करावी लागेल. आणि पुढच्या वाटणीआधी मला प्रत्येक संघाच्या आघाडीच्या पोरीचं सगळं गणगोत हवंय. कोण कुणाबरोबर वाढलं, कोण कुणाची मैत्रीण. बाकीचे तेच करतायत. आपण सुरू केलं, आपणच मागं राहायचं होय?"

वृंदानं ताटली बाजूला सरकवली. ब्याण्णव ते सव्वीस. सव्वीस म्हणजे अनोळखी माणसांचा आकडा. यंत्रानं आजवर कधी चूक केली नव्हती, आजही केली नसावी.

"अण्णा, वाटणीच्या वेळी तुम्ही विचारलं होतं, हिच्यामुळं संघ किती सुधारेल ते सांगा म्हणून," ती म्हणाली. "तेलीबागेकडून चार गुण आले. तळातून वर आलो. तेवढं खरं आहे. पण मी मोजलं ते अर्धंच होतं. मिळालेलं मोजलं, गेलेलं मोजलंच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे गणगोत मी काढणार नाही. दुसरं कुणीतरी काढेल, मला माहीत आहे. तुम्ही दुसरा माणूस बघा."

अण्णांनी तिला थांबवायचा प्रयत्न केला. ती थांबली नाही.

तिथून ती थेट तेलीबागेजवळच्या खोलीवर गेली. राजसीनं दार उघडलं आणि आईला आत घ्यायच्या आधी दोन पावलं मागं सरकली, सावधपणे. वृंदानं उंबऱ्यातूनच सांगायला सुरुवात केली, कारण आत गेल्यावर धीर झाला नसता.

"निवड मी केली. आकडा मी काढला. ओवीला काही ठाऊक नव्हतं. तिला मी एवढंच सांगितलं, की तिचा अंदाज बघून घेतलंय. तुला अडवलं तेव्हा ती नुसती तुझ्यामागं धावत होती."

राजसीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कधी कळलं तिला?"

"पहिल्या सामन्यानंतर. तू घर सोडल्यावर."

"आणि तू मला आज सांगतीयस."

"हो."

"तिनं का नाही सांगितलं?"

"मी सांगते म्हणाले, तर नको म्हणाली. मी ऐकलं तिचं. ऐकायला नको होतं."

राजसी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिला खूप राग आलाय हे वृंदाला दिसत होतं, पण तो नक्की कुणावर, हे मात्र वाचता येत नव्हतं. पोटच्या पोरीला वाचता येऊ नये, असा दिवस तिनं स्वतःच आणला होता.

"कुठं आहे ती?"

"घरामागं. एकटीच लाथाडत असते चेंडू."

राजसीनं पायात चपला घातल्या.

दोघी रिक्षानं आल्या तेव्हा उन्हं कलली होती. ओवी भिंतीवर चेंडू मारत होती. सूर्यवेस आपल्याला सोडणार, हे तिच्या कानावर आधीच आलं होतं. ताईला बघून ती थांबली. दोघींत पंधरा-वीस हात अंतर.

मग राजसी म्हणाली, "दे."

ओवीनं चेंडू दिला. राजसी पुढं सरकली आणि चेंडू तिच्या मागून गटारीकडं गेला. राजसीनं तो आणला, परत दिला. ओवी डावीकडं धावली, चेंडू उजवीकडून निघून गेला. दोघी एकमेकींकडं अशा बघत होत्या, की जणू एकाच घरात चुकून शिरलेल्या दोन परक्या पोरी.

"चुकलं," राजसी म्हणाली. "परत."

पुन्हा चुकलं. वृंदाला राहवेना. राजसी वळायच्या आधी जरा थांबते, तिथं ओवीनं थांबायला हवं. ओवी घाई करते. सांगितलं तर दोनचार दिवसांत... ती पुढं झाली आणि तोंड उघडणार, तोच ओवीनं तिच्याकडं पाहिलं.

"आई, तू जा आत," ओवी म्हणाली. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. "बघू नकोस आमच्याकडं. आम्ही येतो."

वृंदा वळली. मागून चेंडूचा आवाज आला, मग काही क्षण काहीच नाही, मग दूर कुठंतरी पत्र्यावर आदळल्याचा. राजसी पुन्हा म्हणाली, "परत दे." नुसत्या आवाजावरून वृंदाला सांगता आलं असतं, पास पोचला की हुकला. तिचे कान आपोआप मोजू लागले होते. तिनं पाऊल उचललं, जवळजवळ पळतच घरात गेली, आणि मागचं दार आतून ओढून घेतलं.